एडीएचडीची गोळी, मनगटावरचं घड्याळ आणि गोव्याचा घाम

पर्वरीचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

वय छत्तीस, गाव डिचोली, राहायला म्हापशात, नोकरी पर्वरीला. काम दिवसभर संगणकापुढे. यंदा पावसाच्या तोंडावर एडीएचडीचं (लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार) निदान झालं. 'हुशार आहे पण धांदरट' हा शेरा शाळेत दरवर्षी प्रगतिपुस्तकावर असायचाच, त्याला आता वैद्यकीय नाव मिळालं. डॉक्टरांनी मेथिलफेनिडेट सुरू केलंय, कमी मात्रेत. थोडा वेळ टिकणारी गोळी आहे, एक सकाळी आणि एक दुपारी जेवल्यावर. गुण आहे. एक्सेलची फाईल उघडली की बंद करेपर्यंत मी तिच्यातच असतो, हे मला नवीन आहे.

गोळीबद्दल तक्रार नाही, प्रश्न घड्याळाचा आहे. बायकोने स्मार्टवॉच घेऊन दिलंय. ते ठोके मोजतं, झोप मोजतं, 'ताण' नावाचा एक आकडा देतं, आणि त्वचेवरच्या घामातून वीज किती वाहते तेही मोजतं म्हणे. गोळी सुरू झाल्यापासून ॲपमधला सकाळचा ग्राफ लालेलाल. बसल्या जागी ठोके पूर्वी ७०-७२ असायचे, आता ७८-८०. साडेआठनंतर ताण 'उच्च', दुपारी दोननंतर पुन्हा 'उच्च'. घामाचा आकडा तर कायमच वर, तो खाली आलेला मी पाहिलेलाच नाही.

दिवस साधारण असा: सातला कॉफी, आठ-वीसला स्कूटर, पावणेनऊला ऑफिस, तिथेच नाश्ता, सव्वानऊला गोळी, मग दुसरी कॉफी. एसी मुरगावच्या बंदरातला बर्फाचा कारखाना असल्यागत चालतो. बोटं गार पडतात.

विचारायचंय ते हे: हे लाल पट्टे गोळीचे, कॉफीचे, स्कूटरचे की साहेबांचे? औषधाचा अंगावर होणारा परिणाम असा घड्याळावर कोणी पाहिलाय का? पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे काय न्यावं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खवचट_खेकडा

घड्याळ काढून ठेवा, ताण आपोआप उतरेल. हलके घ्या.

नुस्तेंकोडी

वाचतेय. भावाला हीच गोळी आहे, म्हणून जास्तच रस.

दोतोरबाब

फिजिशियन आहे. शिक्षण बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, आता माझा दवाखाना आहे. इथे लिहितोय ते सर्वसाधारण, तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

मेथिलफेनिडेट मेंदूत डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन परत शोषलं जाणं रोखतं. ही रसायनं चेतापेशींमधल्या फटीत जास्त वेळ टिकतात, त्याने लक्ष लागतं. पण अंगावर कुत्रा धावून आला की जी सिंपथेटिक यंत्रणा जागी होते, तिचंही काम नॉरॲड्रेनलिनवरच चालतं. म्हणून गोळीबरोबर ठोके थोडे वाढतात, बीपी थोडं वाढतं, हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. बोटं गार पडतात त्यात एसीइतकाच गोळीचाही हात असू शकतो. बोटं पांढरी-निळी पडून दुखत असतील तर मात्र डॉक्टरांना लगेच सांगा.

किती वाढतं? या औषधांच्या माहितीपत्रकात सरासरी दिलेली असते: ठोके मिनिटाला ३ ते ६ जास्त, बीपी २ ते ४ मिलिमीटर जास्त. ही सरासरी झाली. कोणाचे दोनच वाढतात, कोणाचे पंधरा. तुमचे सहा-आठ वाढलेत, त्यात दचकण्यासारखं काही नाही, पण नोंद ठेवण्यासारखं आहे. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१८ ची मार्गदर्शिका सांगते की मात्रा बदलली की प्रत्येक वेळी आणि एरवी दर सहा महिन्यांनी नाडी आणि बीपी बघा. विश्रांतीतले ठोके सतत १२० च्या वर राहिले किंवा लय बिघडली, तर मात्रा कमी करून रुग्णाला पुढे तज्ज्ञाकडे पाठवा.

आता घड्याळाबाहेरची गोष्ट, आणि माझ्या मते तीच मोठी. गोळी सुरू करताना घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं का, कोणाला हृदयाच्या स्नायूंचा आजार आहे का, हे विचारलेलं असायला हवं. विचारलं नसेल तर तुम्ही होऊन सांगा. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, धाप लागली, तर ग्राफ उघडून बसू नका, १०८ फिरवा.

आणि एक दंडाला बांधायचं बीपीचं मशीन घ्या. काही घड्याळं बीपी दाखवतात, पण ती मुळात अशाच मशीनशी वेळोवेळी जुळवून घ्यावी लागतात.

फर्मागुडी_पासआउट

फर्मागुडीला इंजिनिअरिंग केलं, सध्या बंगळुरात याच प्रकारच्या बँडच्या फर्मवेअरवर (आतल्या सॉफ्टवेअरवर) काम करतो. कंपनीचं नाव विचारू नका.

पाहुणे, तुमचाच धागा परत वाचा. ताण साडेआठला लाल होतो आणि गोळी सव्वानऊला. ही गोळी पोटात गेल्यावर रक्तात शिखर गाठायला दीड-दोन तास घेते. म्हणजे सकाळच्या पहिल्या लाल पट्ट्याशी तिचा संबंधच नाही. तो म्हापसा-पर्वरी रस्ता आहे. गोळीचा पट्टा शोधायचा तर साडेदहा-अकराच्या आसपास बघा, तोही मीटिंग नसलेल्या दिवशी.

थोडं आतलं सांगतो. घड्याळाच्या पाठीमागचे हिरवे दिवे त्वचेत प्रकाश सोडतात. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषतं. प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त किंचित वाढतं, परत येणारा प्रकाश किंचित घटतो, त्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. हा चढउतार फार बारीक असतो. स्कूटरच्या हँडलची थरथर, खड्डे, मूठ आवळलेली असणं, सगळं त्याच सिग्नलमध्ये मिसळतं. चालताना-धावताना तर कधी कधी घड्याळ पावलांच्या ठेक्यालाच ठोके समजून बसतं. आमच्याकडे चाचणीच्या नोंदींत कोणी धावतोय आणि ठोके बरोबर त्याच्या पावलांइतके दिसले की पहिला संशय हाच.

यात एक गंमत आहे. दोतोरबाबांनी सांगितलं तसं उत्तेजक औषधाने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात. वाहिन्या आकसल्या की मनगटातला तो चढउतार आणखी लहान होतो, सिग्नल कमजोर पडतो. म्हणजे जो परिणाम मोजायचा, तोच मोजमाप बिघडवतो. पट्टा जरा घट्ट, मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर बांधा. फरक पडतो.

घामाचा सेन्सर म्हणजे दोन धातूच्या टिकल्या. त्यांच्यामधून अगदी सूक्ष्म वीज सोडून त्वचा किती वाहते ते बघायचं. घर्मग्रंथी सिंपथेटिक यंत्रणेच्या ताब्यात, म्हणून मन किंवा औषध यंत्रणेला चाळवतं तेव्हा आकडा चढतो. हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. पण मनाचा घाम मुख्यतः तळहात-तळपायाला फुटतो, आणि मनगटाचा घाम बराचसा उष्म्याचा. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्के. घाम सुकतच नाही, आकडा वरच्या टोकाला जाऊन चिकटतो. प्रयोगशाळेत एसीत बसवून काढलेले निष्कर्ष म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी चालत नाहीत. तुमचा सेन्सर बिघडलेला नाही, तो गोव्यात आहे इतकंच.

'ताण' हा आकडा तर पूर्ण विसरा. बहुतेक कंपन्या तो दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या कमीजास्त होण्यावरून काढतात. ठोके घड्याळाच्या लंबकासारखे एकसुरी पडायला लागले की ताण जास्त, असा ढोबळ हिशेब. उत्तेजक औषध, ताप, रात्रीची बिअर, जागरण, सगळ्यांनी तो एकसुरीपणा येतो. कारण त्याला कळत नाही.

पर्वरीचा_पाहुणा

@फर्मागुडी_पासआउट, वेळेचा मुद्दा पटला. काल बघितलं, रविवारी साडेआठचा पट्टा नाहीच. अकराचा आहे, पण फिकट.

@दोतोरबाब, तुम्ही विचारलंत तसं आमच्या एका काकाच्या बाबतीत झालं होतं, नीट माहिती आईला विचारून डॉक्टरांना कळवतो.

बिंबल

मी मडगावची. धागा चोरतेय असं वाटलं तर माफ करा, पण विषय हाच आहे.

मुलगा एकोणीस वर्षांचा, बाहेर हॉस्टेलला असतो. सुटीत घरी आला तेव्हा रात्र रात्र जागा. जेवण कमी, वजन उतरलेलं, बोलायला लागला की थांबत नाही. मग दिवसभर झोप. आमच्या बाजूला काय काय मिळतं ते सांगायला नको. त्याच्या बाबांनी त्याला घड्याळ घेतलंय, खाती जोडली तर मला घरबसल्या त्याचे ठोके दिसतील असं दुकानदार म्हणाला. अमेरिकेत असे बँड वापरून कोकेन वगैरे ओळखतात असं वाचलं. खरं आहे का? ठोके किती झाले तर समजायचं?

नुस्तेंकोडी

बिंबलताई, काळजी समजते. पण त्याला न सांगता?

फर्मागुडी_पासआउट

ताई, तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, अर्धं आहे. बाकीचं अर्धं सांगतो.

२०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि येल विद्यापीठांच्या लोकांनी छातीला बांधायच्या ईसीजी पट्ट्यावरून कोकेनचा परिणाम ओळखून दाखवला. छातीला, मनगटाला नव्हे. ते नुसते ठोके मोजत नव्हते, ईसीजीच्या लाटांचा आकार आणि त्यांमधली अंतरं बघत होते. २०१४ मध्ये मेम्फिस आणि ओहायो स्टेट विद्यापीठांच्या गटाने खरी अडचण हातात घेतली: जिना चढला तरी ठोके वाढतात, कोकेनने तरी वाढतात, मग फरक कसा करायचा? त्यांनी चढणीपेक्षा उतरणीकडे लक्ष दिलं. जिना चढून बसलं की ठोके भराभर खाली येतात, कोकेननंतर रेंगाळत येतात. सुंदर कल्पना आहे, मला आजही आवडते.

मॅसॅच्युसेट्समधल्याच वैद्यकीय विद्यापीठाच्या डॉ. स्टेफनी कॅरेरो यांच्या गटाने मनगटी बँड वापरला: घाम, त्वचेचं तापमान, हालचाल. उत्तेजक घेतल्यावर घामाची वाहकता आणि हालचाल वाढते, त्वचा गार होते. अफूच्या जातीच्या औषधांत उलट, हालचाल मंदावते, त्वचा गरम होते. तीन आकडे एकत्र पाहिले तर नुसत्या ठोक्यांपेक्षा बरंच कळतं.

पण या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. माणसं स्वतःहून आलेली होती, कधी काय घेतलं ते संशोधकांना माहीत होतं किंवा तपासता येत होतं. दारूचं वेगळं आहे, ती स्वतःच त्वचेतून बाहेर पडते, म्हणून अमेरिकेत कोर्ट घोट्याला बांधायला लावतं त्या पट्ट्याला ती थेट हुंगता येते. कोकेन किंवा ॲम्फेटामिनसाठी बाजारातल्या कुठल्याच घड्याळात असं काही नाही. घड्याळ औषध बघतच नाही, अंगाची प्रतिक्रिया बघतं. कुकरच्या शिट्ट्या मोजून आत डाळ आहे की मटण ते ओळखण्यासारखं आहे हे.

आता हिशेब करू. आकडे समजण्यासाठी मनचे घेतोय. धरा की घड्याळ फार हुशार आहे: घेतलेल्या दिवसांपैकी नव्वद टक्के दिवस पकडतं, आणि न घेतलेल्या दिवसांपैकी फक्त पाच टक्के दिवशी उगाच ओरडतं. शंभर दिवसांत मुलाने दोनदा काही घेतलं. ते दोन्ही दिवस बहुधा पकडले जातील. उरलेल्या अठ्ठ्याण्णव दिवसांत पाच दिवस खोटी बोंब. म्हणजे तुमच्या फोनवर सात वेळा घंटा वाजणार, त्यातल्या पाच वेळा पोराने काही केलेलं नसणार. व्हायवा असेल, फुटबॉल असेल, ताप असेल, प्रेमात पडला असेल. पाच वेळा तुम्ही त्याला नसलेल्या गुन्ह्याबद्दल विचारणार. आणि खरं घड्याळ इतकं हुशार नाहीच.

खवचट_खेकडा

आमच्या तीर्थरूपांकडे असलं घड्याळ असतं तर बारावीच्या निकालाच्या दिवशी मला बांबोळीला भरती केलं असतं.

पण सरळ लिहितो, ताई. तो घड्याळ काढून मित्राच्या हातात घालेल. एकोणीस वर्षांच्या पोराला हे सुचायला दहा मिनिटं लागतात.

कुळागर

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक आहे, सत्तरी तालुक्याच्या बाजूला. बिंबलताई, तुम्ही लिहिलेली लक्षणं बघून मलाही काळजी वाटते, तेव्हा हे झटकून टाकत नाही.

रात्र जागी, भूक कमी, अखंड बोलणं, मग दिवसभर झोप. उत्तेजकांच्या सेवनात हे दिसतं, खरं आहे. पण परीक्षेच्या महिन्यात एनर्जी ड्रिंकवर जगणाऱ्या पोरांतही दिसतं. कॅफीन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात, रात्री दहाला कॅन फोडला तर पहाटेपर्यंत डोळे टक्क. थायरॉईड वाढला तरी वजन उतरतं आणि ठोके वाढतात. आणि काही आठवडे झोपेची गरजच वाटत नाही, बोलणं थांबत नाही, हे मॅनियाचंही (मन अवाजवी उसळण्याच्या आजाराचंही) असू शकतं. त्या वयात बायपोलर आजार पहिल्यांदा डोकं वर काढतो. घड्याळ या चारींमध्ये फरक करणार नाही. समोर बसलेला डॉक्टर करेल.

आमच्याकडे सेन्सरबद्दल जी आशा आहे ती पकडण्याची नाही. एखादा मनुष्य सोडू बघतोय, त्याला स्वतःलाच कळत नाही की ओढ कधी चढायला लागली. त्याच्याच मर्जीने बांधलेला बँड 'आता तुझं अंग चाळवलंय, जरा फोन कर' म्हणाला तर उपयोग आहे. फोन कोणाला जाणार हे त्याने ठरवायचं. बँड आईला फोन करणार असेल तर तो बेड्यांतच जमा.

कोकेन-ॲम्फेटामिनच्या व्यसनावर मान्यताप्राप्त अशी एकही गोळी अजून नाही. त्यातल्या त्यात पुरावा सर्वांत भक्कम आहे तो बक्षिसाच्या पद्धतीला: लघवीची तपासणी स्वच्छ आली की छोटंसं बक्षीस, ओळीने आली की मोठं. कोकेनचा अंश लघवीत साधारण दोन ते चार दिवस सापडतो, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा तपासतात. घड्याळांवर काम करणाऱ्यांचं स्वप्न हेच की हे लघवीचं डबडं सुटावं. अजून सुटलेलं नाही.

आणि आपल्याच गोव्यात झालेलं काम विसरू नका. संगथ संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारूचा त्रास असलेल्या पुरुषांबरोबर साध्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून बोलण्याच्या उपचाराची चाचणी केली, २०१७ मध्ये ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. डॉक्टरही नसलेल्या माणसांनी काही मोजक्या बैठकांत बोलून फरक पाडला. कुणाच्या मनगटाला काही बांधलेलं नव्हतं. दारू वेगळी, मान्य. पण बोलणं हे औषध म्हणून मोजून बघितलेलं आहे, हे सांगायचं होतं.

त्याच्याशी बोला. काय बोलायचं हे ठरत नसेल तर आधी स्वतः टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे. पालकांचेही फोन घेतात.

वागातोर_रात्रपाळी

किनाऱ्यावरच्या पार्ट्यांत प्रथमोपचाराला उभा राहतो. एक सांगून जातो, कारण हा गैरसमज पोरांमध्ये पसरलाय: 'घड्याळ घातलंय ना, ठोके १६० च्या वर गेले की थांबू.'

असं काही नसतं. नशेच्या गोळ्या घेऊन नाचणाऱ्यांना जो खरा धोका आहे तो अंग आतून तापण्याचा. आत तापमान चाळीस अंशांच्या वर गेलेलं असतं आणि मनगटाची त्वचा घामाने ओली, वाऱ्याने गार. घड्याळ गारच दाखवणार. ठोके नाचल्यानेही १६० होतात. आणि पुडीत काय आहे ते घड्याळालाही माहीत नाही, विकणाऱ्यालाही नाही. घाबरून दोन-तीन लिटर पाणी एका दमात पितात, त्याने रक्तातलं मीठ उतरून झटके येतात, ते आणखी वेगळंच.

आम्ही बघतो ते साधं. बोलणं असंबद्ध आहे का, जबडा आवळलाय का, अंग भट्टीसारखं आहे का, हाक मारल्यावर बघतो का. यातलं काही दिसलं की सावली, ओला कपडा, पंखा, १०८. मित्रच आधी गर्दीतून बाहेर काढतो, आणि बहुतेक वेळा तोच उशीर करतो, पोलिसांच्या भीतीने. भिऊ नका. काय घेतलं ते डॉक्टरला खरं सांगा.

वकीलवाडा

वरच्या भीतीबद्दल. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात ६४अ कलम आहे. थोड्या मात्रेच्या गुन्ह्यात किंवा सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. अटी आहेत, उपचार अर्धवट सोडले तर संरक्षण जाऊ शकतं. पण दार आहे.

डेटाबद्दल: २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घरगुती वापराला लागू नाही, त्यामुळे आई-मुलगा हा विषय त्यात येत नाही. पण एकोणीस वर्षांचा मुलगा सज्ञान आहे. कायदा नसला तरी विचारणं आलंच. कंपन्यांचं मात्र वेगळं. माझ्याकडे एक जण आला होता, त्याच्या ऑफिसने 'आरोग्य स्पर्धा' म्हणून सगळ्यांना बँड वाटले, ॲपवर सगळे आकडे एचआरला दिसत. हा मनुष्य डॉक्टरांच्या चिठ्ठीने उत्तेजक औषध घेणारा. त्याचा ताण रोज लाल. बढतीच्या वेळी त्याला 'दबाव झेपत नाही' असं तोंडी सांगण्यात आलं. संमती मुक्त असली पाहिजे असं कायदा म्हणतो. साहेब समोर उभे असताना दिलेली संमती किती मुक्त, हा प्रश्न विचारायलाच हवा.

पाहुणे, तुमचं घड्याळ बायकोने दिलंय, तेच बरं. ऑफिसचं नका बांधू.

आखातातला_आगाशी

अवांतर आहे, पण पाहुण्यांच्या कामाचं. मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक फार्मसीवाला दोन वर्षं जपून ठेवतो, आणि त्याच्याकडे वेगळा परवाना लागतो. म्हणून गोव्यात ती चार फार्मसी फिरल्यावर मिळते. संपायच्या आधी आठवडाभर चौकशी सुरू करा. आणि कधी दुबई-बिबईला यायचं झालं तर आधी ऑनलाइन परवानगी काढा, नुसती चिठ्ठी घेऊन विमानात बसू नका. इकडे हे औषध नियंत्रित यादीत आहे, कोणी ऐकून घेत नाही.

नुस्तेंकोडी

फार्मसीचं अगदी खरं. 'ती गोळी ना? बाय, आमी दवरिनांव' (आम्ही ठेवत नाही) असं सांगून भावाला बघतात असे, की जणू तो पुडी मागायला आलाय.

संपादक मंडळ

कुठल्या फार्मसीत गोळी मिळते याची नावं कृपया धाग्यावर देऊ नयेत. चिठ्ठीशिवाय मिळेल का असे दोन प्रतिसाद उडवले आहेत. कोणती कॉफी चांगली यावरची चर्चा खादाडीच्या धाग्यावर हलवली आहे.

पर्वरीचा_पाहुणा

डॉक्टरांकडे जाऊन आलो, म्हणून वर काढतोय.

फर्मागुडीकरांच्या सल्ल्याने ग्राफांचे स्क्रीनशॉट नेले नाहीत, एक कागद नेला. रोज ठरलेल्या वेळी, पाच मिनिटं गप्प बसून, दंडाच्या मशीनने बीपी आणि नाडी: गोळीच्या आधी एकदा, गोळीनंतर दोन तासांनी एकदा. बाजूच्या रकान्यात कॉफी किती, झोप किती, स्कूटर की बस. घड्याळातले फक्त दोन आकडे घेतले, झोपेतले सर्वांत कमी ठोके आणि झोप लागल्याची वेळ. झोपेत हात हलत नाही, म्हणून ते त्यातल्या त्यात विश्वासाचे.

डॉक्टरांनी ताण-बिण विचारलंच नाही. कागद मात्र वाचला. बीपी ठीक. नाडीचा फरक दुसऱ्या कॉफीच्या दिवशी जवळजवळ दुप्पट, हे त्यांच्या नजरेने टिपलं. दुसरी कॉफी बंद. आणि झोप लागायची वेळ पुढे सरकत चाललीय म्हणून दुपारची गोळी दोनऐवजी साडेबाराला. गोळी स्वतःहून चुकवून 'बघू काय होतं' असं करायचं नाही, गोळीशिवायचा दिवस हवा असेल तर विचारून करायचा, हे दोनदा बजावलं. काकाचं ऐकून ईसीजी काढायला सांगितला. काढला, व्यवस्थित आहे.

फर्मागुडी_पासआउट

कागदाला मार्क. झोपेतल्या ठोक्यांना साधारण महिना द्या, मग स्वतःच्याच जुन्या आकड्यांशी ताडून बघा. दुसऱ्याच्या ७२ शी तुमच्या ७२ चा काही संबंध नाही.

बिंबल

मी पण लिहिते. खाती जोडली नाहीत. चवथीला आला होता, गणपतीवर टांगायची माटोळी बांधताना दोघेच होतो तेव्हा विचारलं, सरळ. आधी चिडला. मग म्हणाला, हॉस्टेलमध्ये एकाकडे 'अभ्यासाच्या गोळ्या' असतात, पट्टीतून दोन-दोन विकतो, परीक्षेला घेतल्या आणि नंतरही घेत राहिला. पट्टी दाखवली, अर्धी फाडलेली, नाव फाटलेल्या बाजूला गेलेलं. वर एनर्जी ड्रिंक. छातीत धडधडतं म्हणून तो स्वतःच घाबरलाय. डॉक्टरकडे यायला तयार आहे, पण बाबांना सांगू नको म्हणतो. कुठल्या डॉक्टरकडे आधी जाऊ? फिजिशियन की मानसोपचार?

दोतोरबाब

आधी फिजिशियन, याच आठवड्यात. धडधडीसाठी ईसीजी, बीपी, थायरॉईडची रक्ततपासणी. ती फाटकी पट्टी टाकू नका, सोबत आणा, उरलेल्या अक्षरांवरून आणि गोळीच्या रंग-आकारावरून बहुतेक वेळा ओळखता येते. तोवर एनर्जी ड्रिंक आणि ती गोळी दोन्ही बंद. एक-दोन दिवस तो खूप झोपेल, चिडचिडा होईल, भूक लागेल. खाऊ घाला, झोपू द्या. उदास बोलायला लागला, जीव नकोसा झालाय असं काही म्हणाला, किंवा धडधडीबरोबर चक्कर आली, तर थांबू नका, सरळ बांबोळीला कॅज्युअल्टीत. नंतर मानसोपचार, तिथेच आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार इस्पितळ आहे. झोपेचं आणि बोलण्याचं जे तुम्ही लिहिलंत ते त्यांना शब्दशः सांगा.

तपासायच्या वेळी त्याच्याशी थोडं एकट्याने बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा. वडिलांना काय सांगायचं ते तो ठरवेल, तो सज्ञान आहे. घड्याळ घालून आला तरी चालेल, मी ते बघणार नाही.